मीटर बंद, गाडी चालू

माण, आटपाडी किंवा खटावच्या कोरड्या बाजूला तुमचं घर असेल, दोन एकर डाळिंब, पाच-सहा शेळ्या आणि बारावी झालेला एक भाचा पदरी असेल, तर जुनी पिकअप घेण्याचा विचार तुमच्या मनात येऊन गेलाच असणार. तुमच्या नसेल तर भाच्याच्या आलेला आहे. तो मोबाइल पुढं करतो. फोटोत गाडी नुकतीच धुतलेली, टायरांना काळं पॉलिश, काचेवर 'श्री सिद्धनाथ प्रसन्न'. खाली मजकूर: 'सिंगल हँड, ओन्ली दूध, टायर नवे, कागद क्लिअर, गरजूनेच फोन करावा.' तुम्ही गरजू आहात हे त्याला फोनवर कळू न देणं, इथून शिक्षणाला सुरुवात होते.

गाडी कोणती, हा प्रश्न लवकर मिटतो. टाटानं २००५ साली एस आणली, तिला लोक छोटा हत्ती म्हणाले. तिचं ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आटपाडीच्या पेठेत किराणा पोचवायला नामी, पण डाळिंबाचे क्रेट भरून मोगराळे घाट चढायचा म्हटलं की ती विचारात पडते. अशोक लेलँडच्या दोस्तचेही भक्त आहेत, त्यांच्याशी वाद घालू नये. बाकी इकडं नुसतं 'पिकअप' म्हटलं की बोलेरो पिकअप समजायची. २५२३ सीसी, चार सिलिंडर, मागं पाटे, आणि दहिवडीपासून दिघंचीपर्यंत कुठल्याही फाट्यावर तिला उघडू शकेल असा मिस्त्री. शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. २०२० नंतरची बीएस-सिक्स घेऊ नका, असं जुने मिस्त्री सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे आणि सेन्सरची पुष्कळशी भीती आहे.

आता मीटर. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. वय तोंडातच लिहिलेलं असतं. पिकअपच्या तोंडात मीटर असतं, आणि ते हवं तेवढं मागं नेऊन मिळतं. दहा वर्षांच्या गाडीवर ८७ हजार किलोमीटर दिसले तर ती दहापैकी सात वर्षं देवघरात होती असं समजायचं, नाहीतर पेडलकडं बघायचं. क्लचच्या पेडलचं रबर झिजून लोखंड दिसत असेल तर पेडल खरं बोलतंय. रबर कोरं करकरीत असेल तर दुप्पट सावध व्हा. सगळ्यात प्रामाणिक गाडी म्हणजे मीटरची केबल तुटलेली. 'तीन लाखाच्या पुढं कधीतरी बंद पडलं' असं मालक स्वतःहून म्हणाला, तर त्याच्या घरचा चहा घ्या.

मुळात किती चालली या प्रश्नात फार राम नाही. काय भरलं, ते विचारा. रिकामी तीन लाख चाललेली गाडी तरुण असते आणि वाळू भरून साठ हजार चाललेली म्हातारी.

दुधाची गाडी वाडी-वाडीला थांबते. बंद, चालू, पहिला गिअर, दुसरा गिअर, परत बंद. म्हणून तिचं इंजिन बरं असतं, पण क्लच आणि सेल्फ गेलेले असतात. कॅनमधून सांडलेलं दूध आणि रोजचं धुणं यामुळं हौद्याचा पत्रा खालून सडतो. वर नवी चादर मारलेली असते, तेव्हा गाडीखाली झोपून स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. आरपार गेला तर स्क्रूड्रायव्हर काढून घ्या आणि काही न बोलता उठा.

डाळिंबाची गाडी रात्री निघते आणि पहाटे पुण्याला किंवा वाशीला पोचते. किलोमीटर भरमसाट, पण सडकेचे. अशी गाडी घ्यावी. ड्रायव्हरच्या बाजूचं दार तेवढं झोपेत कुठंतरी घासलेलं असेल.

वाळूची गाडी विकणारा 'वाळू' हा शब्द कधीच उच्चारत नाही. 'बांधकामाचं मटेरियल' म्हणतो. माणगंगेच्या पात्रातली ओली वाळू रात्री, दिवे न लावता, आडरानातून काढलेली असते. त्यामुळं पाटे बसलेले, चॅसीला मागच्या पाट्याच्या हँगरपाशी तडा आणि त्यावर वेल्डिंग. चॅसीवर एकाच जागी ताजा काळा रंग दिसला तर तिथं नख लावून बघा. शिवाय तहसीलमध्ये या नंबरावर दंड बाकी आहे का, तेही विचारून या. गाडी तुमची झाली म्हणून दंड विसरला जात नाही.

पाण्याची गाडी ओळखायला सोपी. हौद्यात टाकीच्या बुडाचा गोल गंज असतो. हिशेब असा की एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन हजार लिटरची टाकी भरली की दोन टन झाले, टाकीचं वजन वेगळं. आणि गाडी आरसी बुकावर सव्वा-दीड टनाची. 'आम्ही अर्धीच भरायचो' असं सांगतील, तर ते त्याहून वाईट. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर एका अंगाला धावतं आणि गाडीलाही बरोबर नेतं. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दुष्काळी सालांत जी पिकअप इकडं होती, तिनं पाणी ओढलं नसेल तर छावणीला चारा तरी ओढलाच. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची छावणी होती, बाकी गावोगाव होत्या, आणि फलटण-माळशिरसच्या बागायती पट्ट्यातनं उसाची वाढी येत होती. चाऱ्याच्या गाडीला वजनाचा त्रास कमी आणि उंचीचा जास्त. केबिनवरचं कॅरियर पुढं वाकलेलं दिसेल.

मेंढरांची गाडी नाकालाच कळते.

आणि क्वचित, नशीब जोरावर असेल तर, शर्यतीच्या बैलाची गाडी मिळते. खाली रबरी मॅट, बाजूनं फोम, आणि मागं बैलाशेजारी मालक स्वतः उभा. लाखांचा बैल हौद्यात असताना ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तर मालक काच बडवतो, म्हणून या गाडीचे ब्रेक, गिअर, पाटे सगळं जिथल्या तिथं असतं. शर्यती बंद होत्या तेव्हा अशा गाड्या निघायच्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, मे २०२३ मध्ये कायदाही वैध ठरवला, आणि आमच्या हिशेबानं बाजारातली चांगली पिकअप तिथंच संपली.

गाडी बघायला सकाळी साडेसहाला, न सांगता जा. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा.

"गरम कशी काय गाडी?"

"आवं पाव्हणं, उनात हुबी हाय नव्हं."

"अजून ऊन पडलं नाही."

"मग कालचं आसंल."

अशा गाडीला थंडीत धक्का मारावा लागतो, एवढा अर्थ घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. आतून धूर फुसफुसत वर आला तर रिंगपिस्टनचं काम जवळ आलंय. पट्टी काढून ऑइल बघा. चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी मिसळतंय, हेड गॅस्केट गेलं. सायलेन्सरचा धूर काळा असेल तर एअर फिल्टर किंवा पंप-नोजल, एवढ्यावर भागेल. निळा असेल तर गाडी डिझेलसोबत ऑइलही पिते. तिसऱ्या गिअरमध्ये हँडब्रेक ओढून क्लच सोडा. इंजिन जागच्या जागी बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर क्लच प्लेट झिजली आहे, किंवा हँडब्रेक नावाला आहे, किंवा दोन्ही.

सोबत मिस्त्री न्या, पण दुसऱ्या तालुक्यातला. गावातल्या मिस्त्रीनंच त्या गाडीचं हाफ इंजिन केलेलं असतं, आणि त्याची उधारी या व्यवहारातनं निघायची असते.

मॉडिफिकेशनबद्दल. नवशिक्याला गाडीत केलेल्या जोडण्या दागिन्यासारख्या वाटतात. हौद्याला वाढवलेली जाळी, केबिनवर कॅरियर, पुढं लोखंडी गार्ड, छतावर दिव्यांची रांग, प्रेशर हॉर्न, आणि मागं दोन-दोन पाटे जास्तीचे चढवलेले. 'तीन टन घेती बगा' असं मालक मोठ्या अभिमानानं सांगतो. पाटा वाढवला की गाडी बसायची थांबते, हे खरं. पण ब्रेक, ॲक्सल, टायर आणि चॅसी यांना पाटा वाढवल्याची बातमी कुणी दिलेली नसते; ती त्यांना मोगराळे घाट उतरताना कळते. आरटीओलाही कळवलेलं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीवाचून असे बदल चालत नाहीत. जास्तीच्या वजनाला कायद्यात २० हजारांचा दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. तेव्हा जास्तीचे पाटे उतरवून घ्या आणि भंगारात घाला. प्रेशर हॉर्न भाच्याला विचारून काढा, तो गाडी सोडून जाईल.

फाळक्यावरचा मजकूर मात्र पुसू नका. 'आई-बापाची पुण्याई' असं लिहिलेलं असेल आणि पैसे तुम्ही सोसायटीतनं काढलेले असतील, तरी असू द्या.

कागदपत्रं हा विषय रटाळ आहे, आणि त्यात जेवढे लोक बुडाले तेवढे राजेवाडीच्या तलावात बुडाले नसतील. विकणाऱ्याचा दलाल 'टीटी फॉर्मवर सह्या देतो, नोटरी करून देतो, काय काळजी करू नका' असं म्हणेल. त्या वाक्याचा तिसरा तुकडा ऐकला की काळजी सुरू करा. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवर नाव चढलं, तरच गाडी तुमची. फायनान्सचा बोजा असेल तर कंपनीची सही घेऊन फॉर्म ३५. हप्ते थकून ओढून आणलेली गाडी स्वस्त मिळते, पण बोजा उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग असेल तर कागदाबरोबर खालचा गंजही बघा. आपल्याकडं पाऊस नाही, त्याचा एकच फायदा, पत्रा टिकतो. आणि दिवाळीत विटा-आटपाडीकडचा कुणी गलाईवाला पाहुणा परराज्यातल्या पासिंगची गाडी घेऊन आला, 'घरातलीच गाडी, तुला म्हणून देतो' म्हणाला, तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी मागा. ती आणायला तो पुढच्या दिवाळीला जाईल.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतं, आणि पर्यावरण करही भरावा लागतो. नंबर टाकून ई-चलन बघा. कधीकधी गाडीपेक्षा चलनं महाग असतात.

घेतलीत? बरं. आता देखभाल. इकडची धूळ पीठ दळल्यासारखी बारीक असते, म्हणून कंपनीनं सांगितलेल्या निम्म्या अंतरावर एअर फिल्टर काढून झटका. ग्रीस वेळेवर मारा. प्रत्येक निप्पलातून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. मिस्त्रीचं पोरगं वरचे दिसणारे चार मारतं आणि जॉइंटचे सोडून देतं, तेव्हा शेजारी उभे राहा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. क्षारानं नळ्या बुजतात, आणि एप्रिलात शिंगणापूरच्या चढाला काटा लाल होतो. भर चैत्रात, यात्रेच्या गर्दीत, कावडीवाल्यांच्या मधोमध बॉनेट उघडून उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

याहून अवघड देखभाल माणसांची. पिकअप दारात लागली की तुमचे भाऊबंद वाढतात. दाजींचा कडबा, चुलत्याच्या शेळ्या आटपाडीच्या बाजाराला, सरपंचांच्या घरचे मंडपाचे पाईप. भाडं विचारलं तर 'डिझेल टाकतो की' असं उत्तर येतं आणि पाचशेचं टाकलं जातं. यावर उपाय नाही, फक्त टाकी कधी पूर्ण भरून ठेवू नये. एका गोष्टीला मात्र तोंडावर नाही म्हणा. हौद्यात वऱ्हाड किंवा मजूर बसवू नका, सख्ख्या मेव्हण्याचं लग्न असलं तरी. मालवाहू गाडीत बसलेल्या माणसांचं काही बरंवाईट झालं की विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई तुमच्या जमिनीवर येते.

चार-पाच वर्षांनी तुम्हीही ती विकाल. त्या वेळी पैसे मोजून घेऊन किल्ली देऊन मोकळे होऊ नका. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय. नवा मालक कुणाला धडकला तरी नोटीस तुमच्या दारात येईल. फॉर्म २९ स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करा. राहून गेला तर रात्री दोनला आनेवाडी नाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज येतो. पाठोपाठ खेड शिवापूरचा आला तर ठीक. नाही आला तर गाडी खंबाटकीत उभी आहे, आणि नवा मालक मिस्त्रीचा नंबर विचारायला आता तुम्हालाच फोन करील.