दहा रुपयांच्या वरचा खजिना

नागपुरात खजिना शोधायला निघणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: आपल्या आधी ईस्ट इंडिया कंपनी येऊन गेली आहे. १८५३ साली तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं आणि वाड्यातले हत्ती-घोडे लिलावात निघाले. जडजवाहीर विकायला कलकत्त्याला गेलं. पहिल्या रघुजींची तलवार २०२५ साली मिळाली, तीही लंडनच्या लिलावात. राज्य सरकारने ती ४७ लाख १५ हजारांना घेतली. मातीला हात न लावता!

हे सगळं मी आमच्या साळ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "भाऊजी, थे वरवरचं नेलं त्यायनं. खालचं तसंच हाय!" कुणाकडून तरी उसनं आणलेलं मेटल डिटेक्टर आणि जुन्या गॅझेटिअरच्या झेरॉक्स एवढ्या भांडवलावर आमची मोहीम निघाली.

पहिला मान सीताबर्डीच्या किल्ल्याचा. नोव्हेंबर १८१७ मध्ये या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. 'पळापळीत कुणी ना कुणी थैली पुरलीच असंन,' हा साळ्याचा सिद्धांत. पण किल्ला आहे लष्कराच्या ताब्यात. लोकांना दार उघडतं ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला, आणि त्या दिवशी अर्धं नागपूर लेकराबाळांसकट वर चढलेलं असतं. बंदूकधारी जवानाच्या देखत, सेल्फी काढणाऱ्यांच्या मधोमध खड्डा खणायची हिंमत साळ्यातही नव्हती.

मग तर्री-पोहे हाणून काटोल रोडने जुनापाणी गाठलं. इथे महापाषाणयुगीन लोकांनी आपली माणसं पुरून भोवती धोंड्यांची वर्तुळं मांडली. अशी शेकडो वर्तुळं आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती खोदली, तर खंजीर, कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम निघाले. "म्हंजे सारं लोखंडच?" साळ्याचा चेहरा पडला. मेल्यावर सोबत कुऱ्हाड नेणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटला. साळ्याला वाटला नाही. तेवढ्यात त्याने पुरातत्त्व खात्याचा फलक वाचला. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. यंत्र डिकीतून बाहेर आलंच नाही.

शेवटी एका ओळखीच्या गृहस्थांच्या लेआऊटमधल्या रिकाम्या प्लॉटवर, त्यांच्या परवानगीने, ते सुरू झालं. सुरू होताच जे बोंबलायला लागलं, ते थांबेना. यंत्र जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतं आणि धातूत त्याने जे विजेचे भोवरे उठतात त्यांची चाहूल घेतं. पण इथला काळा दगड लाव्हारसाचा, पोटात मॅग्नेटाइट बाळगणारा. त्यामुळे यंत्राच्या लेखी प्रत्येक धोंडा संशयित! घाम गाळून आम्ही बैलाची नाल, ट्रॅक्टरचा नट, बाटल्यांची बुचं आणि पाच रुपयांचं एक नाणं बाहेर काढलं.

साळ्याने लगेच १८७८ चा निखात निधीचा कायदा काढला. दहा रुपयांच्या वरचा खजिना असला तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. "आपण पाचातच हाओत, भाऊजी. सेफ!" कुणी वारस निघाला नाही आणि सरकारने ठेवून घेतला नाही, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक हिस्सा जागामालकाचा, हेही त्याने उत्साहाच्या भरात मोठ्याने वाचलं.

जागामालक मागेच उभे होते. "मंग माहा सव्वा रुपया काढा," ते म्हणाले.

तो त्यांनी खरंच खिशात घातला. वर बाजूचा प्लॉट दाखवला, भाव सांगितला, रिंग रोड किती जवळ आहे तेही सांगितलं. साळा मात्र अजून खड्ड्यातच डोकावत होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "भाऊ, जमिनीतून पैसा काढाचा असन तं खोदू नाई. विका लागते."