अगंबाई, तारामतीला दाढी!

अहो, ऐकलंत का? काळा घोड्याच्या एका गॅलरीत मूकपटांवरच्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय आणि निम्मी मुंबई तिकडे लोटलीय. १०० वर्षांपूर्वी जे मुकं होतं, त्याच्यावर इतकी बडबड, की पहारेकऱ्याला तीनदा "हळू बोला" म्हणावं लागलं. त्यातलं दोनदा आमच्याकडे बघून.

आमच्या सोसायटीतल्या झाडून साऱ्या काळ्या-पांढऱ्या साड्यांत आल्या होत्या. शेजारच्या वहिनींनी तर राखाडी लिपस्टिक लावली होती. "थीम आहे," म्हणाल्या. मला वाटलं, बीपी लो झालं.

पहिल्याच भिंतीवर तारामती. लांबून बघाल तर नऊवारी, नथ, खाली झुकलेली नजर. हात जोडून नमस्कारच करावा. जवळ गेले आणि हात तसेच राहिले. हनुवटीवर चित्रकारानं हिरवट छटा ठेवलीय. दाढी हो, दाढी! सकाळीच केलेली! आणि बांगड्या मनगटापर्यंत पोचतच नाहीत, अंगठ्याच्या हाडापाशी अडकून बसल्यात. हॉटेलात राबणारा हात तो, त्याला बायकी मापाच्या कशा होणार?

ही सती म्हणजे ग्रँट रोडच्या हॉटेलात कामाला असलेले साळुंके. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांनी बाई शोध शोध शोधली. ज्या बायकांना बघून सभ्य घरं नाकं मुरडायची, त्यांनीही सिनेमाचं नाव काढताच नाकं मुरडली! शेवटी महिना १० रुपयांवरच्या साळुंक्यांना १५ कबूल करून तारामती केलं. बाकीच्या ‘बायकां’चा वेगळाच रुसवा: बाप जिवंत असताना मिशा कशा काढायच्या?

पुढच्या चित्रात त्याच बाप्यांचा हौदातला प्रसंग. ओलेती तारामती, ओलेत्या सख्या. आमच्या काकूंनी "शिव शिव" म्हणत डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं पाहून घेतलं.

कळस मात्र १९१७च्या ‘लंकादहना’चा. त्यात राम साळुंके आणि सीताही साळुंके! चित्रात एकच चेहरा दोन कडांना, मधे अख्खा समुद्र. "विरह कसला मेला," वहिनी कुजबुजल्या, "स्वतःच स्वतःसाठी झुरायचं!" मी म्हटलं, लग्नाला २० वर्षं झाली की आपलं तरी दुसरं काय असतं?

एवढ्यात मागून एक आजोबा कडाडले, "हल्लीच्या चित्रकारांना स्वतःचं काही सुचतच नाही! सरळ सिनेमावर डल्ला?"

आता गप्प राहवेना. म्हटलं, "आजोबा, डल्ला आधी कुणी मारला? फाळके जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेले, लोणावळ्याला रविवर्म्यांच्या छापखान्यात काम केलेले. तिथल्या देव्याच पुढे पडद्यावर हलायला लागल्या! आणि कोल्हापूरचे बाबूराव? आडनाव मेस्त्री, जग म्हणतं पेंटर. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता घरीच कॅमेरा तयार केला आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ काढला. कीचकवध इतका हुबेहूब, की सेन्सॉरला कात्री काढावी लागली. तेव्हा चोरी झाली होती ती चित्रकारांच्या घरी. हा नुसता मुद्देमाल परत आलाय."

पहारेकरी "हळू बोला" म्हणाला. तिसऱ्यांदा तो आजोबांकडे बघत होता, हे मी इथे नमूद करते.

चित्रांच्या किमती सांगत नाही, तुमचंही बीपी लो होईल. मी आपलं तारामतीचं कार्ड घेतलं आणि घरी येऊन ह्यांच्या दाढीच्या आरशाला टेकवून ठेवलं. सकाळी तोंडाला फेस लावलेल्या ह्यांनी विचारलं, "कोण गं ही?"

"ग्रँट रोडची."

हातातलं रेझर थांबलं. "असल्या बायका घरात?"

म्हटलं, "बाई? कुठंय बाई?"