गप्प बसवलेली गर्दी

जानेवारी २०२४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात एक नवी सोय आली. ज्या डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयारात, पाच खेळाडूंनी मिळून उतरायचं, तिथे आता एकट्याने उतरता येतं. उरलेले चौघे संगणक पुरवतो. ते चिडत नाहीत, मध्येच जेवायला उठत नाहीत, तुम्ही रेंगाळलात तर मुकाट थांबतात. माणसांनी माणसांबरोबर खेळावं म्हणून उभ्या राहिलेल्या खेळात माणसाच्या जागी बाहुली आली आणि पुष्कळ खेळाडूंना हायसं वाटलं. मला काळजी वाटते ती त्या हायसं वाटण्याची.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर म्हणजे, आजकालची पोरंच घुमी. साफ खोटं. तीच पोरं कट्ट्यावर तास न् तास बोलतात. घुमे झालेत ते खेळ, आणि ते आपोआप झालेले नाहीत. एकेका बदलाला तारीख आहे, त्यामागे कोणीतरी विचार करून घेतलेला निर्णय आहे. बोलू नका असा हुकूम कोणी काढला नाही. बोलण्याची गरज तेवढी एकेक करून काढून टाकली.

ही गरज आधी किती होती ते बघा. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्र नव्हतंच, सगळं अक्षरांत. चालायचं टाइप करून, लढायचं टाइप करून आणि गप्पा मारायच्या त्याही टाइप करूनच. याच बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले. त्यातला एक प्रकार केवळ माणसांसाठी येणाऱ्यांचा. त्याला खेळ हे निमित्त, गप्पा हे काम. आजच्या बहुतेक खेळांत त्या माणसाला टेकायला जागा नाही.

मग १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आला. जुने खेळाडू त्याच्याविषयी अजून हळवे होतात, आणि त्याला कारण आहे. तो खेळ बहुतेकांना एकट्याने झेपतच नसे. जादूची शक्ती संपली की जमिनीवर बसायचं आणि ती भरून येईपर्यंत थांबायचं. ती मिनिटं बोलण्यात जायची, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मेलात तर सामान प्रेतापाशी राहायचं आणि जिथे मेलात तिथेच ते आणायला परत जावं लागायचं. एखादा क्लेरिक, म्हणजे बरं करणारा पुरोहित, ओळखीचा असला तर तो तुम्हाला जिवंत करून गमावलेल्या अनुभवातला बराच भाग परत मिळवून द्यायचा. म्हणून क्लेरिकशी सगळे नीट वागायचे. एका खंडातून दुसऱ्या खंडात जायला बोट होती, आणि धक्क्यावर अनोळखी माणसं तिची वाट बघत उभी असायची. घाई असली तर एखादा ड्रुइड गाठायचा, त्याला चार नाणी द्यायची, तो जादूने पोचवायचा. खेळाडूंनी एकमेकांना माल विकण्यासाठी ईस्ट कॉमनलँड्स भागातल्या एका बोगद्यात आपणहून बाजार भरवला होता. कंपनीने तो आखलेला नव्हता. तिथे ओरडून माल खपवायचा, घासाघीस करायची, ओळखी व्हायच्या. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने रीतसर बाजार काढला. आपलं पात्र तिथे बसवायचं, किंमत लावायची आणि स्वतः झोपायला जायचं. व्यवहार सोपा झाला, बोगदा ओस पडला.

त्यातला प्रत्येक त्रास मला परत हवा आहे असं नाही. रात्रभर स्वतःचं प्रेत शोधत फिरण्यात कसली थोरवी नाही. पण त्रास काढताना त्याच्याबरोबर काय निघून चाललंय, हे कोणी तपासलं नाही.

घाव बसला तो ८ डिसेंबर २००९ ला.

त्याआधी पाच वर्षं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये डंजनला जायचं तर शहरात उभं राहून हाक द्यावी लागे. जखमा भरणारा हीलर पाहिजे, मार झेलणारा टँक पाहिजे. कोणी येत नसेल तर मागच्या आठवड्यात बरोबर खेळलेल्याला आर्जव करावं लागे. पाच जण जमले की निदान दोघा-तिघांना डंजनच्या दारापर्यंत जावं लागे. सर्व्हर एकच, माणसं ठरलेली. दुसऱ्याच्या वाट्याची तलवार ढापून पळालेल्याचं नाव सर्व्हरभर व्हायचं आणि पुढे त्याला कोणी घेत नसे. नवख्याला न ओरडता शिकवणाऱ्याचंही नाव व्हायचं. अब्रू होती, म्हणून रीतभात होती. गावात जसं असतं तसं.

त्या दिवशी कंपनीने ‘डंजन फाइंडर’ आणला. बटण दाबा. यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरवरची पाच माणसं गोळा करतं, थेट आत नेऊन ठेवतं, काम झालं की प्रत्येकाला आपल्या जागी परत सोडतं. उद्धट वागलं तरी बिघडत नाही, कारण ही माणसं पुन्हा भेटायची नाहीत. प्रेमाने वागलं तरी काही उभं राहत नाही, कारण तेच. शंभर अनोळखी माणसांबरोबर खेळलात तर बक्षीस म्हणून एक छोटं कुत्रं मिळत असे. शंभर माणसं मोजायची सोय होती, त्यातल्या एकाला पुन्हा शोधायची सोय नव्हती.

आणि तरी गर्दी ओसरली नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये त्या खेळाचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोचले. म्हणून कंपनीला वाटलं, आपलं बरोबर आहे. इतर कंपन्यांनी तोच धडा गिरवला. ‘फायनल फँटसी १४’ने २०१९ मध्ये संगणकी साथीदार आणले आणि पुढे ते जुन्या डंजनमध्येही पसरवले. आकडे चढतात तोवर शांतता कोणाला खटकत नाही.

काही अभ्यासकांना मात्र ही शांतता लवकर दिसली होती. २००६ मध्येच निकोला ड्युशनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’वरच्या निबंधात दाखवून दिलं, की बरेच लोक गर्दीत असूनही एकटेच खेळतात, भोवतालची माणसं त्यांना प्रेक्षक म्हणून पुरतात. म्हणजे ओढ आधीपासून होती. मी ते नाकारत नाही. पण माणसाची ओढ एकटेपणाकडे आहे म्हणून त्याच्या घराचं दारच काढून भिंत बांधायची का?

दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला वेळेचा. दिवसभर नोकरी करून, मूल झोपवून तासभर खेळायला बसणाऱ्याला चाळीस मिनिटं हीलर शोधायला सांगणं अन्यायाचं आहे. मान्य. दुसरा याहून मोठा आहे. उघड्या माइकवर शिव्या, जात, धर्म, आई-बहीण सगळं निघतं. मुलीचा आवाज ऐकू आला की लॉबीत काय सुरू होतं, हे खेळणाऱ्या मुलींना विचारा. कित्येक जणी माइक कायमचा बंद ठेवतात, नाव पुरुषी घेतात. त्यांना ‘बोला, मिसळा’ असा उपदेश करायचा अधिकार मला नाही.

पण यावर कंपन्यांनी उपाय काय केला? ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’ने समोरच्या संघाशी बोलण्याची खिडकीच बंद केली. ‘हार्थस्टोन’मध्ये तर २०१४ पासून अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी ठरावीक मोजकी वाक्यंच बोलता येतात. शिवी देणाऱ्याला पकडणं खर्चाचं, सगळ्यांचं तोंड बांधणं स्वस्त. गुन्हेगार एक आणि संचारबंदी अख्ख्या शहराला, असा हा न्याय. ज्या छोट्या सर्व्हरवर अब्रूचा धाक होता तो आधी मोडला, मग शिवीगाळ वाढली म्हणून बोलणंच काढलं. हा क्रम कोणी विसरू नये.

आपल्याकडे हे सगळं मोबाइलवर आलं. आधी पबजी, आणि २०२० च्या बंदीनंतर २०२१ मध्ये बीजीएमआय. चार मित्रांचा स्क्वाड असला की दंगा असतो. नाशिकपासून सावंतवाडीपर्यंत मराठीतून ‘अरे मागे बघ, रिव्हाइव्ह दे’ चालू असतं. ते खरं आहे आणि छान आहे. पण मित्र नसले आणि रँडम स्क्वाड मिळाला की चौघेही गप्प. तयार वाक्यांची बटणं, नकाशावर खुणा, सामना संपला की लॉबी. शिवाय समोरच्या गर्दीत संगणकाने चालवलेले बॉट मिसळलेले असतात, म्हणजे आपण मारला तो माणूस होता की नाही हेही धड कळत नाही. ओळखीचे लोक अधिक ओळखीचे होतात आणि अनोळखी अनोळखीच राहतात. डिस्कॉर्डनेही २०१५ पासून तेच केलं. गप्पा जिवंत ठेवल्या, पण दार लावलेल्या खोलीत. बाहेरच्या चौकात आता कोणी नाही.

त्या चौकाची किंमत कळायला नॉर्वेतल्या मात्स स्टीनची गोष्ट आठवावी. त्याला ड्युशेन हा स्नायू झिजवणारा आजार होता. अंग थकत गेलं, व्हीलचेअर आली, आणि तो तासन्‌तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये असायचा. तिथे त्याचं नाव इबेलिन. तिथे तो धावायचा. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलाचं आयुष्य एकाकी गेलं, हे आई-वडलांचं दुःख. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि देशोदेशीच्या माणसांची पत्रं येऊ लागली. ‘स्टारलाइट’ या त्याच्या गिल्डमधले, म्हणजे खेळातल्या कायमच्या गटातले, लोक दुसऱ्या देशांतून अंत्यविधीला आले. डेन्मार्कमधल्या एका आईला आपल्या मुलाच्या जवळ जायची वाट त्याने दाखवली होती. २०२४ मध्ये बेंजामिन री यांच्या माहितीपटाने हे जगापुढे आणलं. लोकांनी डोळे पुसले आणि तंत्रज्ञानाची थोरवी गायली. मला त्यात दुसरंच दिसतं. मात्सची माणसं बटण दाबून जमलेली नव्हती. तीच तीच माणसं, त्याच जागी, वर्षानुवर्षं भेटत राहिली. आजचा मात्स नव्या खेळात शिरला तर त्याला दर वीस मिनिटांनी नवे चेहरे मिळतील आणि तो एकालाही नावाने ओळखणार नाही.

खेळाडूंनाही मी सोडणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जुना ‘वॉरक्राफ्ट’ जसाच्या तसा परत आला, तेव्हा एका राक्षसाला मारायला लोक चक्क रांग लावून उभे राहिले, बोलत, हसत. भूक दिसली. २०२२ मध्ये त्याच मालिकेतला पुढचा भाग परत आणताना कंपनीने डंजन फाइंडर मुद्दाम वगळला, माणसांचे संबंध टिकावेत म्हणून. खेळाडूंनी तक्रारी करून करून २०२३ मध्ये तो परत आणायला लावला. सोय आणि सोबत दोन्ही समोर ठेवल्या, तर थकलेला माणूस सोय उचलतो. म्हणूनच हा निर्णय थकलेल्या माणसावर टाकायचा नसतो. तो खेळ रचणाऱ्याने घ्यायचा असतो.

आणि खेळ रचणारे आता फक्त कॅलिफोर्नियात किंवा कोरियात बसत नाहीत. पुण्याच्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला. अशा कंपन्यांत आपली मुलं-मुली डिझायनर म्हणून काम करतात, त्यांच्याशी मला बोलायचं आहे. शिवी देणाऱ्याचं खातं बंद करा, बाकीच्यांचा माइक नाही. ज्याच्याबरोबर चांगला सामना झाला तो पुन्हा सापडेल अशी व्यवस्था ठेवा, आणि रँडमचा डाव मांडताना शक्य तिथे कालचीच माणसं आज पुन्हा एकत्र आणा. मुलींना माइक चालू ठेवावासा वाटतो का, हे चाचणी घेताना मुलींनाच विचारा. आणि सामना संपला की लगेच लॉबीत ढकलू नका. त्या चौघांना दोन मिनिटं एकत्र बसू द्या.