कुंपणापलीकडची त्राटिका

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या ना. बोंबील मागाहून उलटवा, ऊन कुठे पळत नाही बोईसरचं.

काल रात्री तुमच्या गच्चीवर काय चाललं होतं हो? एक वाजेपर्यंत नुसतं “साप! सापमाणूस! मार!” आमचे हे बॅटरी घेऊन अंगणात. म्हटलं, नाल्यातून धामण आली की काय! सकाळी तुमच्या लेकालाच धरलं. तर म्हणे, काकू, खेळ आहे तो, डन्जन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत निघालेला. वीस बाजूंचा फासा दाखवला मला. पडेल ते दान, त्यावर राक्षस मरणार की आपण मरणार ते ठरतं.

आणि राक्षस तरी कसले? युआन-टी म्हणतात त्यांना. मूळची माणसंच ती! सर्पदेवांची भक्ती केली, नरमांस खाल्लं, नाही नाही ते विधी केले आणि आपणहून साप झाली. कुणाचे नुसते डोळे सापाचे, कुणाचं धड माणसाचं नि वर फणा. पोरगं डोळे मोठे करून सांगत होतं. मी म्हटलं, बाळा, माझं माहेर मोखाड्याचं. मला राक्षस नको सांगू.

बोहाडा नाही बघितलात तुम्ही? भोवाडाही म्हणतात. अगं बाई! इतकी वर्षं पालघर जिल्ह्यात राहून! जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यात असतो, पावसाच्या आधी. रात्रभर सोंगं नाचतात. आधी गणपती, सरस्वती, मग रावण, पूतना, वेताळ, त्राटिका... संबळ-सनई वाजायला लागली की झोप कसली येते! मुखवटे लाकडाचे नाही तर कागदाच्या लगद्याचे. कुठलं सोंग कुठल्या घराचं, तो मानही ठरलेला. पुरुषच बायकांची सोंगं घेतात.

माझा चुलता त्राटिका व्हायचा. एरवी इतका गरीब माणूस, कोंबडीला हुसकायचं तरी “जा गं बाई” म्हणायचा. पण डोक्याला फडकं गुंडाळून मुखवटा बांधला की आम्ही पोरं आईच्या पदराआड! मुखवट्यातून समोरचं धड दिसत नाही, घाम डोळ्यांत जातो, म्हणून एक जण हात धरून बरोबर चालायचा. आणि पहाटे तीच त्राटिका ओट्यावर बसून चहाला साखर कमी पडली म्हणून कुरकुरायची.

बरं, त्राटिका काही जन्माची राक्षसीण नव्हे. यक्षीण होती, देखणी. अगस्तींनी नवऱ्याला मारलं, ही चवताळून अंगावर धावली, तर त्यांनी शाप देऊन नरभक्षक करून टाकलं. मला बाई तिची कीवच येते. रामायणातल्या कबंध राक्षसाचंही तसंच. इंद्राने वज्र हाणलं नि डोकं पोटात गेलं, तोंड पोटावर, हात योजनभर लांब. पण राम-लक्ष्मणांनी हात तोडून त्याला अग्नी दिला, तसं मूळ रूप परत मिळालं. जाता जाता सुग्रीवाकडे जा म्हणून त्यानेच सांगितलं की रामाला!

मग तुमच्या लेकाला विचारलं, तुमच्या त्या सापमाणसांना उःशाप असतो का रे? डोकं खाजवून म्हणाला, त्यांना परत माणूस व्हायचंच नसतं, काकू. साप होणं म्हणजे बढती वाटते त्यांना. हे मात्र मला पटलं हो. शापाने राक्षस झालेला एक वेळ परवडला, हौसेने झालेला नको.

तर काय म्हणते, यंदा बोहाड्याला चला आमच्याकडे. गावागावाची तारीख वेगळी असते, मी आधी विचारून ठेवीन. त्या पोरांनाही घ्या. तुमच्या सासूबाईंनाही न्या हवं तर, पण त्राटिकेचं मी बोलले ते त्यांना सांगू नका. उगाच वाटायचं, त्यांनाच म्हणाले म्हणून.