एकशेआठ, एकशेबारा आणि मामा

जव्हारच्या आमच्या वसतिगृहात गृहपाल दर दोन वर्षांनी बदलायचे, मेसचा ठेकेदार दर वर्षी बदलायचा, आमटी मात्र तीच असायची. न बदलणारी दुसरी गोष्ट म्हणजे फाटकावरचे मामा.

मामा मूळचे खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरचे. अंगात खाकी शर्ट, डोक्याला बारा महिने माकडटोपी आणि हातात तीन सेलची बॅटरी. तिचं बटण कधीच गेलेलं. मांडीवर आपटली की लागायची, पुन्हा आपटली की विझायची. अंधारात ‘थप्प’ असा आवाज आला की गच्चीवरच्या सिगरेटी विझायच्या आणि मग उजेड यायचा.

मामांच्या मते जगातलं प्रत्येक दुःख एक तर १०८ चं असतं, नाही तर ११२ चं, नाही तर ‘आपलंच’. १०८ म्हणजे रुग्णवाहिका, ११२ म्हणजे पोलीस. पोलिसांचा नंबर पूर्वी १०० होता. तो बदलला तेव्हा मामा आठवडाभर हळहळले. “शंभराचे एकशेबारा झाले. महागाई कुठवर आली बघा!” १०८ वर मात्र त्यांची श्रद्धा. ती सेवा राज्यात २०१४ साली आली आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून फुटून आमचा पालघर जिल्हा झाला. “जिल्ह्याच्या आधी गाडी आली,” मामा सांगत. “आणि माळेचे मणीही एकशेआठच. उगाच नाही.”

कोणी धापा टाकत आलं की मामांचा पहिला प्रश्न, “कोणाचं आहे?” मग खिडकीतली लांब वही निघायची. तिच्यात रकाने चार: तारीख, वेळ, काय झालं, कोणाचं. शेवटच्या रकान्यात कधीमधी १०८, क्वचित ११२, आणि पानंच्या पानं ‘आपलंच’.

“रात्री ११.४०. पोटात दुखतं. पैजेचे वडापाव नऊ. आपलंच. ओवा दिला.”

“चार्जर चोरीला. ११२ पाहिजे म्हणतो. चार्जर उशीखाली. उशी त्याचीच. आपलंच.”

“चक्कर. अर्थशास्त्राचा पेपर. पेपर सुटल्यावर उतरली.”

एकदा आमचा एक मित्र रात्री दोन वाजता छाती धरून खाली आला. मामांनी खुर्ची दिली. “डाव्या हातात कळ जाते?” नाही. “घाम?” नाही. “मग होतंय काय?” “तिनं ब्लॉक केलं, मामा.” मामांनी पेन टोपीत खोचलं. “हे एकशेआठचंही नाही, एकशेबाराचंही नाही. चहा घे.”

आमच्याकडच्या बोहाडा उत्सवाच्या दिवसांत तर कहर झाला. नव्याने आलेल्या एका शहरी मुलाने किंकाळी फोडली, ‘खिडकीतून रावण बघतोय, पोलीस बोलवा!’ मामा शांतपणे म्हणाले, “त्याला ओळखतो मी. मोखाड्याचा आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मुखवटा घेऊन आलाय.”

सापाच्या बाबतीत मामा आमच्या प्राणिशास्त्राच्या विभागाला भारी होते. मोरीत काळपट, आडव्या पट्ट्यांचा साप निघाला की सगळा मजला ‘मण्यार, मण्यार’ म्हणून खाटांवर चढायचा. मामा ‘थप्प’ करून लांबूनच उजेड टाकायचे. “पट्टे मानेपासून आहेत आणि शेपटीकडे पुसट होत गेलेत. कवड्या आहे, बिनविषारी. मण्याराचं उलटं, शेपटीकडे ठळक. पण हे मला विचारायचं, सापाला जवळून नाही.”

फोन करणं हा वेगळाच सोहळा. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर. तिथून मामा पलीकडच्या बाईंना पत्ता समजावायचे. त्या लँडमार्क विचारायच्या. “राजवाडा आहे ना, जयविलास? तो दिसला म्हणजे चुकलात. मागे फिरा.”

अशा माणसाची आम्ही यथेच्छ टर उडवायचो. जुलैतल्या एका पहाटेपर्यंत.

पहिल्या वर्षाचा एक मुलगा पोट धरून खाली आला. मोखाड्याकडचा, खाट असूनही सवयीने जमिनीवर झोपणारा. आम्ही हसलो, “मामा, ओवा काढा.” मामांनी डबा काढला नाही. बॅटरी आपटून त्याच्या तोंडावर धरली. “डोळे नीट उघड.” मुलाने कपाळाला आठ्या घातल्या, भुवया चढल्या, पापण्या निम्म्यावरच राहिल्या. अंगावर दंशाची खूण दिसत नव्हती, काही चावल्याचंही त्याला आठवत नव्हतं. “मण्यार असाच चावतो, झोपेत,” मामा म्हणाले, “कळतसुद्धा नाही. आधी पोट दुखतं, मग पापणी पडते, मग श्वास.” आणि या वयात ते टाकीच्या पायऱ्या चढून गेले.

गाडी आली, पण डांबरी रस्त्यापर्यंतच; वरची चढण पावसाने वाहून नेलेली. मामांनी ब्लँकेट आणि झेंड्याचा बांबू मागवला.

“एकशेबारातून एकशेआठ गेले, किती राहिले?”

बी.एस्सी.च्या मुलाने त्या गडबडीतही खरंच हिशेब केला. “चार.”

“मग चार जण या. दोघं खांद्याला, दोघं बदलीला. आमच्या पाड्यावरून माणूस असाच उतरतो.” झोळी उचलली तेव्हा एकाचे हात थरथरत होते. मामा त्याला म्हणाले, “चौघं माणसाला शेवटी लागतातच. आधी लावली की शेवट लांबतो.” चिखलातून उतरताना पुढून एकच आवाज येत होता. थप्प, उजेड. थप्प, अंधार. सेल वाचवत होते.

कुटीर रुग्णालयात प्रतिविष सुरू झालं. पंधरा दिवसांनी मुलगा परत आला आणि निमूट खाटेवर झोपू लागला, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून. आम्ही त्याच्याकडून पार्टी उकळली. मामांना वडापाव नेऊन दिले, तर त्यांनी आधी मोजले.

ते खात असताना मी वही चाळली. त्या पहाटेची नोंद एका ओळीची होती. “४.१०. पोटात दुखतं. ओवा दिला नाही.”