सनदेवर चालणारी गाडी

ज्या धूर, काजळी आणि विलंब या त्रयीविरुद्ध तक्रारअर्ज लिहिण्यात आमच्या मागील पिढ्यांनी दौतीच्या दौती रित्या केल्या, तीच त्रयी आता आगाऊ तिकीट काढून आणि वर आभार मानून पदरात पाडून घ्यावी लागते, हे ज्ञान मला पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात, मक्याच्या आणि गवताच्या शेतांनी वेढलेल्या स्ट्रासबर्ग गावी, भाचीच्या आग्रहामुळे प्राप्त झाले.

पेशवाई बुडून उणीपुरी चौदा वर्षे झालेली, आणि बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी सुटण्यास अद्याप एकवीस वर्षांचा अवकाश, अशा १८३२ साली स्ट्रासबर्गच्या रेल्वेस पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने सनद बहाल केली. मूळ सनदेवर आजतागायत चालू असलेली पश्चिम गोलार्धातील सर्वांत जुनी रेल्वे अशी तिची ख्याती आहे. मुख्य मार्ग गावास वळसा घालून गेल्यामुळे त्याला जाऊन मिळणारा हा साडेचार मैलांचा फाटा पुढे मोटारींच्या स्पर्धेत इतका खंगला, की मालकांनी तो मोडीत काढण्याचा घाट घातला. तेव्हा १९५८ साली काही रेल्वेवेड्या गृहस्थांनी पदरमोड करून तो विकत घेतला आणि पुढल्या जानेवारीत त्यावर हौशी उतारूंची ने-आण सुरू केली. ही ने-आण प्रथम पेट्रोलच्या इंजिनाने होत असे. वाफेचे इंजिन आले १९६० साली, म्हणजे उर्वरित अमेरिकेने वाफेला निरोपाचे विडे दिल्यानंतर! काळाबरोबर पुढे जाऊन नामशेष झालेल्या संस्था पुष्कळ आढळतात. मागे जाऊन भरभराटीस आलेली मी तरी ही एकच पाहिली.

या प्राचीनतेची किंचित चौकशी करता निष्पन्न झाले ते असे, की स्टेशनाची १८८२ सालची नक्षीदार इमारत ईस्ट पीटर्सबर्ग या दुसऱ्याच गावाहून उचलून आणलेली; ८९ क्रमांकाचे इंजिन १९१० सालचे खरे, परंतु कॅनडातले; ९० क्रमांकाच्या धिप्पाड इंजिनाची उमेद कोलोरॅडोत साखरेच्या बिटाच्या गाड्या ओढण्यात गेलेली; आणि ४७५ क्रमांकाचे नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या सेवेतून निवृत्त झालेले. तात्पर्य, सनद आणि मार्ग तेवढे घरचे, बाकी सारा परिवार दत्तक. डलहौसीसाहेबांच्या अमलाखाली हा मुलूख असता, तर त्यांनी दत्तकविधान नामंजूर करून ही रेल्वे केव्हाच खालसा केली असती.

गाडी सुटली. उघड्या डब्यात बसल्यामुळे पहिल्याच वळणाशी कोळशाचा एक कण माझ्या डोळ्यात दाखल झाला. मी रुमाल काढताच भाची म्हणाली, “मामा, चोळू नका हो! आणि कुरकुरूही नका, ते तिकिटातच धरलेलं असतं.” उरलेल्या डोळ्याने मी बाहेर पाहिले. अमिश पंथाचे शेतकरी, जे धर्माज्ञेमुळे स्वतःची मोटार बाळगीत नाहीत आणि घरात तारेची वीज घेत नाहीत, खेचरे जुंपून नांगरीत होते. आमच्या डब्यातील यच्चयावत मंडळी त्यांना पाहण्यासाठी एका बाजूस कलली. त्यांच्यापैकी एकानेही मान वर केली नाही. त्यांचे जुनेपण सनदेवाचून आणि तिकिटावाचून चाललेले असल्यामुळे ते दाखविण्याची, अथवा आमचे पाहण्याची, त्यांना गरज भासत नसावी.

पॅराडाइज गावाजवळ लीमन प्लेस येथे फाटा संपतो. तेथे मुख्य मार्गावरून अ‍ॅमट्रॅकची विजेची गाडी अशा वेगाने निघून गेली, की तिच्यातील उतारूंना आम्ही दिसलो असण्याचा संभव नाही. आमचे इंजिन मात्र डब्यांपासून सुटून, बाजूच्या रुळावरून मंद गतीने दुसऱ्या टोकास जाऊन, तितक्याच सावकाशीने पुन्हा जोडले गेले. जेथे कोणालाही जावयाचे नव्हते तेथे पोहोचून, जेथून निघालो तेथेच परत येण्याचा हा पाऊण तासाचा कार्यक्रम सर्वांनी कृतकृत्य मुद्रेने पार पाडला. उशीर होत आहे अशी हाकाटी कोणी केली नाही, कारण उशीर होण्याजोगे कोणाचे काही कामच नव्हते.

परतीच्या वाटेवर एका फाटकाशी अमिशांची काळी घोडागाडी आमच्यासाठी खोळंबली होती. आमची मंडळी हात हलवीत होती, इंजिन ऐटीत शिट्टी फुंकीत होते, आणि लगाम आवळून बसलेला तो दाढीवाला गृहस्थ एकेक डबा मनाशी मोजीत शेवटच्या डब्याची वाट पाहत होता. त्या साऱ्या पंचक्रोशीत खरोखरीची घाई असलेला इसम मला तेवढा एकच दिसला.