खोडरबराची गुणवत्ता

मुलं कॉपी करतात, ही सगळ्या शाळांची जुनी तक्रार. अमेरिकेतल्या अटलांटा शहराने ती निकालात काढली. तिथे मुलांच्या प्रमाणित परीक्षेसाठी शिक्षकांनीच कंबर कसली. एका माध्यमिक शाळेत प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावरचं प्लास्टिक ब्लेडने अलगद कापायचं, झेरॉक्स काढायच्या आणि लायटरच्या आचेवर ते पुन्हा जसंच्या तसं चिकटवायचं, इथपर्यंत हात बसला होता. (एवढी मेहनत गणित शिकवण्यात घेतली असती तर... असो.) पेपर झाला की चुकलेले गोल खोडायचे, बरोबर गोल काळे करायचे. गुण चढले, बोनस वाटले गेले. २००९मध्ये तर शहराच्या शिक्षणप्रमुख बाई देशातल्या सर्वोत्कृष्ट अधीक्षक ठरल्या. पण खाडाखोड मोजणाऱ्या यंत्राला या कौतुकाचं काही सोयरसुतक नव्हतं. २०११च्या चौकशी अहवालात तपासलेल्या ५६पैकी ४४ शाळा अडकल्या. २०१५मध्ये ११ जण दोषी ठरले, तेही गुन्हेगारी टोळ्यांसाठी केलेल्या, आपल्या मकोकाच्या जातकुळीतल्या कायद्याखाली. एकाही मुलावर मात्र कॉपीचा खटला नव्हता.